बबनचे एकोणतीस तास

कांद्याचं बी फार तर वर्षभर टिकतं. ज्वारी-बाजरीचं बी दोन वर्षं गाडग्यात पडून राहिलं तरी उगवेल, कांद्याचं नाही. म्हणून ज्या घरात घरचं बी असतं तिथं दरसाल कुणीतरी ते धरावंच लागतं. एक साल चुकली की ते वाण त्या घरातून गेलंच. माझ्या काकूकडे असं वाण होतं. तिच्या सासूकडून, म्हणजे माझ्या आजीकडून, ते तिच्याकडे आलं होतं. साठवणीच्या चाळीतले निवडक कांदे ती वेगळे काढायची आणि दिवाळी झाली की बियाण्यासाठीचे हे कांदे, म्हणजे गोट, पुन्हा जमिनीत लावायची. माघात त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, यायचे, त्यांच्या टोकाला पांढरे गोल गोंडे, आणि त्या गोंड्यांवर दिवसभर मधमाश्यांचा असा गुंजारव चालायचा की बांधावरून जाताना माणूस आपोआप हळू बोले. उन्हाळ्यात ती गोंडे खुडून अंगणात वाळवायची, तळहातावर चोळायची आणि सुपानं पाखडायची. खाली काळंभोर बी उरायचं. ते राखेत घालून गाडग्यात ठेवलं, की पुढल्या सालापर्यंत त्या गाडग्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आमच्या वाट्याच्या शेतातही तेच बी पडायचं, आणि गावातली पाच-सहा घरं तरी तिच्याकडून मूठ-मूठ न्यायची. विकत तिनं कधी दिलं नाही.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला. पुणे-नाशिक रस्त्यावर पेठेला उतरायचं आणि तिथून जीप मिळाली तर जीप, नाही तर पायी. आमचं आणि काकूचं घर एकच होतं, मधे भिंत घातलेली. वडील आणि काका वाटणी करून वेगळे झाले तेव्हा मी लहान होतो. भिंत घालताना गवंड्यानं स्वयंपाकघराच्या अंगाला एक खिडकी ठेवली. ती कुणी सांगितली म्हणून ठेवली हे मला आजही माहीत नाही, पण दोन्ही घरांतल्या पुरुषांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्या खिडकीतून वाट्या जायच्या-यायच्या. आमच्याकडून हुलग्याचं माडगं जायचं, तिकडून मासवडीचा रस्सा यायचा. काकूसारखी मासवडी आमच्या आईला कधी जमली नाही. सारणातला खसखस-तिळाचा वास भिंतीपलीकडून आधी यायचा, मग बबनची हाक यायची, "दत्त्या, भाकरी मोड, येतंय कालवण."

बबन काकूचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून वर्षभरानं मोठा. माझे वडील आणि त्याचे वडील, दोघंही पन्नाशीच्या आत गेले, तेव्हा दोन घरांत मिळून दोन विधवा आया आणि आम्ही दोघं असे चौघं उरलो. बबन शाळेतून लवकर सुटला आणि शेतीला लागला. मी मंचरला जाऊन बी.कॉम. झालो, पुण्यात दोन ठिकाणी चार दिवस नोकरी केली आणि परत आलो. तिशी जवळ आली होती, लग्न झालं नव्हतं, आणि गावात मला ‘शिकलेला’ म्हणत, त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे ओळखता येत नसे. मोठं होणं म्हणजे काय ते मला पुढं सांगतो त्या उन्हाळ्यात कळलं, आणि ते मला नको होतं.

गावात उपसा सिंचनाची संस्था होती. नदीवर पंप, तिथून पाणी वर हौदात, हौदातून चाऱ्यांनी, म्हणजे लहान पाटांनी, शेतात. प्रत्येकाच्या जमिनीप्रमाणे त्याचे तास ठरलेले. मारुती नावाचा पाटकरी होता. तो सायकलवरून फिरायचा, ज्याची पाळी त्याच्या चारीची फळी उचलायचा आणि पाळी संपली की टाकायचा. पाणी किती वाजता सोडलं, किती वाजता तोडलं, ते वहीत लिहायचा. ज्याला एखाद्या पाळीला पाणी नको असेल त्याचे तास शिल्लक राहत आणि ते त्याला पुढे वापरता येत. हा नियम चांगला होता, पण त्याचा हिशेब कुणाला धड जमत नसे. तासांची आणि मिनिटांची बेरीज, त्यात कुणी पाळी अर्धी घेतलेली, कुणी अदलाबदल केलेली. जुने सचिव साठ मिनिटांना शंभर धरून बेरीज करत, असं त्यांच्या माघारी लोक म्हणायचे. दर उन्हाळ्याला हातघाई व्हायची. एकदा फावड्याचा दांडा नामदेवअण्णांच्या डोक्यात बसला आणि टाके पडले. ते सचिव वारले तेव्हा सभेत ठराव झाला की आता हातानं बेरीज करायची नाही. मुंबईत गेलेल्या कुणा गावकऱ्यानं त्याच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर संस्थेला दिला होता. तो पोत्यात गुंडाळून ट्रकमधून आला. मंचरला सहा महिन्यांचा क्लास केलेला गावात मी एकटाच होतो, म्हणून ती खुर्ची मला मिळाली.

त्या क्लासबद्दल थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. स्प्रेडशीट म्हणजे पडद्यावर आखलेला मोठा तक्ता, त्यातल्या प्रत्येक चौकटीला सेल म्हणतात. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की सेलमध्ये जे दिसतं ते आणि सेलमध्ये जे असतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत असतो नुसता आकडा. त्याला कोणता पोशाख चढवायचा ते आपण ठरवायचं. तोच आकडा रुपये म्हणून दिसेल, टक्के म्हणून दिसेल, तारीख म्हणूनही दिसेल. वेळेचंही तसंच. मशीनच्या लेखी एक अख्खा दिवस म्हणजे एक. बारा तास म्हणजे अर्धा, सहा तास म्हणजे पाव. आपण सहा वाजले असं टाइप केलं की ते आत पाव ठेवतं आणि बाहेर सहा दाखवतं. हे ऐकून वर्गातली पोरं हसली, मीही हसलो, आणि वहीत लिहून घेतलं. सरांनी पुढं आणखीही काही सांगितलं असेल. माझं लक्ष रंगीत अक्षरं कशी करायची तिकडे होतं.

संस्थेच्या खोलीत बसून मी मारुतीच्या वह्या भरल्या. प्रत्येक सभासदाच्या सुटलेल्या पाळ्यांचे तास, घेतलेले तास, आणि शेवटच्या सेलमध्ये शिल्लक. वीज येईल तेव्हा काम. खोलीत पंख्याचा खडखड आवाज, बाहेर पिंपळावर साळुंक्यांचा गलका, आणि खिडकीत वाकून बघणारी माणसं. "दत्तू, माझं नाव दाव की," असं म्हणून म्हातारी माणसं आत यायची आणि पडद्यावर स्वतःचं नाव बघून खूश होऊन जायची. मी प्रत्येक ओळ वहीशी दोनदा ताडून पाहिली. खरंच पाहिली. मग सगळे मधले आकडे लपवले, म्हणजे कागद सुटसुटीत दिसेल, आणि नाव व शिल्लक तास एवढंच छापून उन्हाळी आवर्तनाच्या आदल्या दिवशी संस्थेच्या दाराला चिकटवलं. त्या कागदावर कुणाचे बारा तास होते, कुणाचे नऊ, कुणाचे सोळा. बबनचे पाच.

बबननं त्या साली गहू केला नव्हता. एकट्यानं किती ओढणार, म्हणून अर्धं रान पडीक ठेवून त्यानं फक्त गोट लावले होते, आणि दिवाळीपासून बहुतेक पाळ्या त्यानं सोडून दिल्या होत्या. उन्हात गोंडे दुधात येतात, बी भरू लागतं, तेव्हा पाणी लागतं, त्या वेळी घेऊ, असा त्याचा बेत. हे मला माहीत होतं. भिंतीपलीकडं राहणाऱ्याला माहीत नसून कसं चालेल? पण कागदावर पाच वाचताना मला काहीच खटकलं नाही. यावर मी पुढं आयुष्यभर विचार केला आहे. डोळ्यांना पाच दिसलं आणि मला जे माहीत होतं ते कुठंतरी मागं सरकलं.

मारुतीनं पाच तास झाले आणि फळी टाकली. बबन चिखलाच्या पायांनी तसाच खोलीत आला. आत आणखी दोघं-तिघं बसले होते.

"दत्त्या, मारुतीनं पानी तोडलं. काय चुकलंय बग जरा."

"काही चुकलं नाही. पाच तास होते, पाच झाले."

"पाच?" तो हसलाच. "आरं, दीसभराच्या वर हायेत माझे तास. निम्मी पट्टी कोरडी ऱ्हायली."

मी पडदा त्याच्याकडे फिरवला. त्याच्या नावावर बोट ठेवलं. पाच, मग दोन टिंबं, मग दोन शून्यं. त्यानं वाकून आकडा पुन्हा वाचला.

"त्या डबड्याला परत इचार."

मी परत बेरीज करायला लावली. पुन्हा पाच आलं. बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "बबनराव, मशीन काय तुमचं सोयरं न्हाई, घटकंत बदलाया." सगळे हसले. बबनही थोडा हसला. मग म्हणाला, "वही काढ. आपुन दोघं मांडू. काय लई येळ लागायचा न्हाई."

वही माझ्या मागच्या फळीवरच होती. हात मागं केला असता तर मिळाली असती. पण खोलीत माणसं होती, आणि आठ इयत्ता शिकलेला चुलतभाऊ माझ्या कामाची उलटतपासणी करणार, हे मला सोसलं नाही. मी म्हणालो, "हाताच्या बेरजेपायी डोकी फुटली म्हणून तर हे आणलं. ठराव झालाय, बबन. एकासाठी वही काढली तर उद्या सगळे येतील." त्यानं माझ्याकडे पाहिलं, "बरं राव," म्हणाला आणि गेला. त्या दिवसापर्यंत त्यानं मला कधी राव म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नामदेवअण्णांच्या पाळीत बबननं आपल्या चारीची फळी स्वतः उचलली. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. मारुती ओरडत आला तर म्हणाला, "माजं पानी हाय, मी घेतो." ती चोरी लपवायची असती तर त्यानं अशी केली नसती, पण हे त्या वेळी कुणी बोललं नाही. मीही नाही.

सभा खंडोबाच्या देवळात बसली. नामदेवअण्णा आधीच उभे राहून बोलायला लागले होते. "माज्या पाळीत माजी वांगी सुकत्यात आन् ह्याचे गोंडे डुलत्यात! पाणीचोर हाय ह्यो. बापानं आसं केलं न्हवतं कदी." बबन म्हणाला, "अण्णा, बापाला मधी घेऊ नगा. मी तास साठवल्यात." "कागदावं का न्हाईत मग?" "ते मला काय ठावं? दत्त्याला इचारा." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक जण मारुतीला म्हणाला, तू पाणी देतोस, तुला ध्यानात असेल. मारुती बोटं मोडत बसला, पुटपुटला, पन्नास माणसांत घोटाळला आणि म्हणाला, "मला एकट्या बबनचं कसं सांगता यील? मी ल्हितो आन् इसरतो." पुन्हा हसणं झालं. शेवटी अध्यक्षांनी पुजाऱ्याला ताट आणायला सांगितलं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. आमच्याकडे वाद तुटत नसला की बेलभंडार उचलायचा. उचलून बोललेलं देवासमोर बोललेलं. मग त्याच्यावर कुणी शब्द काढायचा नाही.

बबन लगेच उठला. पाटलोणीला हात पुसत तो ताटापाशी गेला, आणि बायकांच्या बाजूनं काकू एकदम पुढं आली. तिनं त्याचं मनगट धरलं. "न्हाई," ती म्हणाली, "चल घरला." "आये, सोड." "न्हाई म्हनलं ना. बेल उचलू नगंस." तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं मनगट सोडलं नाही. ती लहानखुरी बाई, तो पाच फूट दहा इंचांचा गडी, पण त्याचा हात हळूहळू खाली आला. मागून कुणीतरी म्हणालं, "आईला म्हाईत आसतंय." ते वाक्य देवळात सगळ्यांना ऐकू गेलं.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "दत्तू, तुज्या कागदाचं तू उचलतोस का?" मी उचलला. बेलाची पानं थंड होती, भंडारा बोटांच्या रेघांत गेला. मी म्हणालो, "प्रत्येक आकडा मी दोनदा तपासलाय. कागद खरा आहे." त्या घटकेला मी खोटं बोलत नव्हतो. एवढंच मला माझ्या बाजूनं म्हणता येतं, आणि त्याच्या पुढचं काहीच म्हणता येत नाही. बबनच्या फळीला उन्हाळाभर साखळी-कुलूप घालायचं ठरलं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातली खिडकी पलीकडून बंद झाली. आईनं भाकऱ्या केल्या, आम्ही ठेचा लावून खाल्ल्या, आणि भिंतीपलीकडून भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही.

तीन-चार दिवसांनी अध्यक्षांनी सांगितलं की पंपाचं डिझेल किती लागेल ते काढ. दुपारची वेळ होती, नुकतीच वीज आली होती. मी शिल्लक तासांना तासाच्या डिझेलनं गुणलं आणि उत्तर आलं वेड्यासारखं. सगळ्या गावाचं पाणी दोन-चार कॅनमध्ये उरकत होतं. मला सरांचं वाक्य आठवलं, की वेळ म्हणजे आत दिवसाचा भाग असतो. म्हणून मी त्या सेलचा वेळेचा पोशाख उतरवला, आत काय आहे ते बघायला. पडद्यावर सगळ्यांच्या नावापुढं शून्यानं सुरू होणारे आकडे उभे राहिले. शून्य पूर्णांक पाच, शून्य पूर्णांक तीन, शून्य पूर्णांक सहा. आणि बबनच्या नावापुढं एक. एक पूर्णांक दोन शून्य आठ.

कळायला वेळ लागला नाही. एक म्हणजे एक दिवस, चोवीस तास. उरलेले पाच. मशीननं बेरीज बरोबर केली होती आणि बरोबर जपून ठेवली होती. पण मी त्याला घड्याळाचा पोशाख चढवला होता, आणि घड्याळाला चोवीसच्या पुढं जाता येत नाही. पूर्ण दिवस ते गिळतं आणि वरचे तास दाखवतं. ज्यांनी पाणी वापरून टाकलं त्यांची शिल्लक दिवसाच्या आत होती, त्यांचा हिशेब बरोबर दिसला. ज्यानं राखून ठेवलं त्याचाच दिवस नाहीसा झाला. मग मी फळीवरची वही काढली आणि पेन्सिलीनं बेरीज केली. एकोणतीस. चहा गार व्हायच्या आत झाली.

आता माझ्या मोबाईलमध्येही तसा तक्ता आहे. चोवीसच्या पुढचे तास दाखवायचे असतील तर त्याची एक वेगळी खूण आहे, तासाला चौकोनी कंस घालायचा. दोन कंस. संस्थेच्या त्या जुन्या मशीनमध्येही ती सोय होती. नंतर मी पुस्तकात पाहिलं.

मी खोलीला कुलूप लावलं आणि थेट बबनच्या रानाकडे निघालो. तोपर्यंत माझ्या मनात सांगायचंच होतं, हे मी देवाशपथ लिहिलं असतं, पण शपथ हा शब्द मी टाकला आहे. बांधावर पोचलो तर बबन आणि काकू हापशावरून पाणी आणत होते. खांद्यावर कावड, दोन बाजूंना तेलाचे डबे. काकू तांब्यानं एकेका डेंगळ्याच्या बुडाशी पाणी घालत होती. उन्हानं पात पिवळी पडून लोळली होती. मी एक गोंडा हातात घेऊन दाबला. अजून दूध होतं. तेव्हा साखळी निघाली असती तर ते बी भरलं असतं. काकूनं वर पाहिलं, मला पाहिलं, आणि पदर पुढं ओढून पाठ फिरवली. बबन कावड घेऊन येत होता. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही आणि मी परत फिरलो.

घरी आईला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. ऐकून घेतलं आणि फुंकणी खाली ठेवली.

"बेल उचललास ना तू?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आई."

"देवाला काय ठाव, तुला ठाव व्हतं का न्हवतं? खोटा बेल उचलनाऱ्याचं घर बसतं. आन् गाव काय म्हनंल? खुर्ची जाईल, पोरगी कोन द्यायचं न्हाई."

"पण बबनचं बी जाईल."

"पुढल्या साली आपल्यातलं देऊ त्यास्नी."

तिच्या लक्षात आलं नाही, की आपल्यात तरी ते कुठून येणार? आमचे कांदे दिवाळीच्या आतच विकून व्हायचे, गोट राखायची ती काकूच, आणि आमचंही बी तिच्याच गाडग्यातून यायचं. आईला मी दोष देत नाही. मला गप्प राहायचं होतं आणि तिनं मला कारण दिलं. दुसऱ्या दिवशी मी उरलेल्यांची शिल्लक नव्यानं छापली. बबनची फळी बंद असल्यानं त्याची ओळ नको, असं अध्यक्ष म्हणाले. ती ओळ मी माझ्या बोटानं काढली. जागा रिकामीही राहिली नाही, खालची नावं एकेक ओळ वर सरकली.

गोंडे काकूनं खुडले, वाळवले, चोळले. अंगणातला सुपाचा आवाज मला भिंतीतून ऐकू येत होता. एरवी पाखडताना बी सुपात परत पडताना एक जड, सळसळता आवाज येतो. त्या साली तो आला नाही. जे होतं ते सगळं वाऱ्यावर गेलं. मूठभर काळं उरलं ते तिनं श्रावणात पेरलं, आणि वाफ्यात गवत आलं. पुढं गावानं दुकानातल्या डब्यातलं बी आणलं, आम्हीही आणलं. कांदे मोठे येत, पण चाळीत टिकत नसत. बबन दसऱ्याच्या आत गाव सोडून भोसरीला गेला, टेम्पोवर. लग्न केलं नाही. काही वर्षांनी कावीळ झाली, ती अंगावर काढली, आणि तो गेला. खबर आली तेव्हा मी त्याच खुर्चीत बसलो होतो. मशीन दुसरं आलं होतं.

माझं लग्न झालं, मुली झाल्या, आई गेली. आईच्या दिवसांनाही ती खिडकी उघडली नाही, पण काकू दारानं आली आणि ओसरीवर बसून राहिली. तिच्या हातांना कंप सुटला होता. त्या पावसाळ्यात एका सकाळी मी तिच्याकडे गेलो. ती नाचणीचं पीठ चाळत होती. बस म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं. सेल, आतला आकडा, बाहेरचा आकडा, बांधावर आलो होतो तो दिवस. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. चाळण तिच्या हातात थांबली होती.

"म्हंजी त्यानं चोरलं न्हवतं?"

"नाही काकू. त्याचंच पाणी होतं."

"समदं?"

"एकोणतीस तास होते त्याचे. चोवीस बाकी होते."

तिनं चाळणीतलं पीठ बोटांनी एका कडेला सारलं. मला वाटलं शिव्या देईल. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या, त्यासाठीच गेलो होतो.

"मी त्याचा हात धरला देवळात," ती म्हणाली. "लोकांस्नी वाटलं, म्हातारी देवाला भ्याली. मी देवाला न्हवते भ्याले, दत्तू. मला वाटलं, ह्यानं चोरलंय आन् आता खोटा बेल उचलतोय. तू कागद दावला व्हतास. तू शिकलेला. मी तुला मांडीवं घेतलेला." तिनं चाळण खाली ठेवली. "भोसरीवनं यायचा, दोन दीस ऱ्हायाचा. मी त्याला कदी इचारलं न्हाई, बाबा, तू घेतलंस का न्हाई म्हून. मला उत्तर म्हाईत हाय, आसंच मी धरून चालले."

तिनं पदरानं हाताचं पीठ पुसलं.

"त्याला ठाव व्हतं का रं? मला तसं वाटत व्हतं ते?"

बबनला ठाऊक होतं. तो गाव सोडून गेला त्या दिवशी मी पेठेच्या स्टँडवर होतो, मुद्दाम गेलो होतो, आणि तरीही बोललो नव्हतो. गाडीत चढताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला होता, "गावाचं काय न्हाई वाटत मला. पन आईनं हात धरला तवा तिच्या तोंडाकडं बगितलं मी. तीबी चोरच समजती मला." मग कंडक्टरनं घंटी मारली.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मी तिला कितपत दिसत होतो कोण जाणे.

"नाही काकू," मी म्हणालो. "त्याला काही ठाऊक नव्हतं."

तिनं मान हलवली आणि पुन्हा पीठ चाळायला घेतलं.